एकूण पंचवीस टक्के

सकाळी अकराच्या सुमाराला तिने चारही केबल्सचे आलेख पहिल्यांदाच वेगवेगळे उघडले आणि हातातला चहाचा कप ओठांपाशी तसाच थांबला. पहिल्या तीन चौकटींत रेघ तळाला निपचित पडलेली होती. चौथीत ती वरच्या कडेला जाऊन चिकटली होती आणि खाली यायचं नाव घेत नव्हती. तिने पान पुन्हा उघडलं. तेच. मग तिने जे केलं ते तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं: तिने मान वळवून मागे बघितलं, कोणी पाहतंय का. खोलीत कोणी नव्हतं. कपाटातल्या यंत्रांचे पंखे घोंघावत होते, काचेपलीकडून एक नर्स रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेली. चहावर साय धरली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की अपराधी वाटायच्या आधीच आपण सावध झालो आहोत.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक मोठा स्विच, म्हणजे नेटवर्कवरची माहिती वाटेला लावणारं यंत्र, होता, चौथ्या मजल्यावर दुसरा, आणि त्या दोघांमध्ये चार फायबर केबल्स होत्या. चारही मिळून एकच रुंद रस्ता समजायचा, अशी त्यांची मोट तिनेच तीन वर्षांपूर्वी बांधली होती. चौथ्या मजल्यावर एक्स-रे आणि स्कॅनची यंत्रं, तळमजल्यावर त्यांच्या प्रतिमा साठवणारा एकच सर्व्हर. तीन वर्षं ती रोज सकाळी एकच आलेख बघत आली होती, चौघींच्या बेरजेचा. बेरीज पंचवीस टक्क्यांच्या वर कधी गेली नाही. पंचवीस टक्के म्हणजे पाऊण रस्ता मोकळा. आणि तरीही प्रतिमा अडकत होत्या, वाटेत गळत होत्या, पुन्हा पुन्हा पाठवाव्या लागत होत्या. रस्ता मोकळा असून माल सांडत असेल तर रस्त्याला भोकं आहेत, एवढा साधा विचार तिने केला होता. एवढा साधा की तो विचार आहे असंही तिला वाटलं नव्हतं. आता चार चौकटी समोर होत्या. सगळा माल एकीच्याच डोक्यावर होता. ती शंभर टक्के भरलेली होती, उरलेल्या तिघी झोपलेल्या होत्या, आणि शंभराला चाराने भागलं की पंचवीस येतात.

कारण शोधायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत, हे सगळ्यात वाईट होतं. स्विच प्रत्येक संवादासाठी पत्ता बघतो, त्या पत्त्याच्या आकड्यांवर एक छोटं गणित करतो आणि चारांतली एक केबल निवडतो. एका संवादाचे सगळे तुकडे एकाच वाटेने जावेत, मागचा पुढे आणि पुढचा मागे होऊ नये, म्हणून ही तजवीज. कुठला पत्ता बघायचा हे मात्र माणसाने ठरवायचं असतं. तिने ठरवलं नव्हतं. यंत्र खोक्यातून निघालं तेव्हा जे होतं तेच तिने राहू दिलं होतं: माल जिथे जायचाय तिथला पत्ता. आणि इथे सगळा माल एकाच सर्व्हरकडे जात होता. पत्ता एकच, म्हणून गणित एकच, म्हणून उत्तर एकच. एका ओळीची गोष्ट होती. पाठवणाऱ्याचा पत्ताही धर, एवढंच स्विचला सांगायचं. आणि नोंदींच्या पानावर दोन रकाने शेजारी शेजारी होते. केबल खराब असली की पहिल्यात आकडे चढतात, जागा नसली की दुसऱ्यात. पहिल्यात शून्य होतं. तीन वर्षं शून्य होतं. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात हे. तिने गळती झाली एवढं वाचलं होतं, कुठल्या रकान्यात झाली ते वाचलं नव्हतं, आणि त्या वाचण्यावर तिने दादाला घालवलं होतं.

दादा तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तो कॉलेजच्या पहिल्या वर्षात. दुसऱ्या वर्षाला तो गेलाच नाही. आधी टेलिफोनच्या तारा ओढल्या, मग फायबर आलं तेव्हा काच जोडायला शिकला. केसाएवढी काच. आवरण सोलायचं, पुसायची, काटकोनात तोडायची, दोन टोकं यंत्रात समोरासमोर आणून वितळवायची. तोडलेले तुकडे दिसत नाहीत पण कातडीत घुसतात, म्हणून काळ्या कापडावर काम करायचं आणि प्रत्येक तुकडा चिकटपट्टीने टिपून घ्यायचा. घरी आल्यावर आधी अंगातला शर्ट बाहेर झटकायचा, मगच तिला जवळ घ्यायचा. पाढ्यांच्या आधी तिला केबलमधल्या रंगांचा क्रम पाठ झाला होता. ती चुकली की तो हसायचा नाही, नुसतं म्हणायचा, "चिंगे, निळ्यानंतर कोण?" तिचं इंजिनिअरिंग त्या काचेवर झालं. रुग्णालयात तिला नोकरी लागली आणि वर्षभराने केबल टाकायचं काम निघालं तेव्हा तिने त्याचं नाव सुचवलं, त्यात उपकार फेडल्याचं समाधान होतं आणि आपण उपकार फेडण्याइतक्या वर आलो याचंही होतं. पहिल्याच दिवशी शिडीवरून त्याने तिला "मॅडम" म्हणून हाक मारली. तिने सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून ठरवलं होतं. ती थबकली, आणि मग तिने ओ दिली. त्या दिवसापासून रुग्णालयात ती त्याची मॅडमच राहिली, आणि ती हाक तिला कधी खटकली नाही हे तिला आज, या चार चौकटींसमोर, खटकलं.

मग मागच्या वर्षी एका म्हाताऱ्याचा स्कॅन तळमजल्यावर पोचायला पाऊण तास लागला. म्हातारा वाचला, पण त्याचा मुलगा लेखी तक्रार करून गेला, आणि प्रशासकांनी तिला बोलावून एकच प्रश्न विचारला: "चूक कोणाची, ते मला एका नावात सांगा." तिने दादाला बोलावलं. तो जोडात किती प्रकाश गळतो ते मोजणारा आपला मीटर घेऊन आला. चार केबल्स, सोळा जोड. सोळा आकडे त्याने एका कागदावर निळ्या शाईने लिहून आणले होते. सगळे उत्तम होते. तो कागद त्याने तिच्यापुढे धरला, तर प्रशासक शेजारीच उभे होते, आणि ती म्हणाली, "मीटर जुना आहे तुमचा." तुमचा. दादाने तिच्याकडे नाही, हातातल्या मीटरकडे बघितलं. "असेल, मॅडम," तो म्हणाला. त्यानंतर चार दिवस तो छताच्या पोकळीत डोकं घालून सोळाही जोड पुन्हा करत होता. ती खालून टॉर्च धरून उभी होती. एक जोड झाला की ती खोलीत जाऊन बेरजेचा आलेख बघायची, परत यायची आणि म्हणायची, "फरक नाही. आणखी एकदा बघा." तो आणखी एकदा बघायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक टोक सात वेळा तोडलं. सातही वेळा ते नीट तुटलं असणार, हे तिला आज कळत होतं. त्या दिवशी ती मनात म्हणाली होती, म्हातारा झाला दादा. चौथ्या दिवशी शिडीवरून उतरल्यावर तो पायरीवर बसला, दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले आणि हळूच, पहिल्यांदाच त्या इमारतीत तिला नावाने हाक मारत म्हणाला, "चिंगे, काही कळत नाही गं. मला दिसतंय ते बरोबर दिसतंय, असंच वाटतंय." तिने आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "हळू बोल."

रिपोर्ट तिने लिहिला. 'जोडणी दर्जाहीन, कारागिराचे कौशल्य आता भरवशाचे राहिलेले नाही.' हे दुसरं वाक्य लिहायची गरज नव्हती. पहिल्याने काम भागत होतं. पण सगळ्यांना माहीत होतं तो कोण आहे ते, आणि सख्ख्या भावाबद्दल लिहिताना पेन जरा जास्तच टोकदार करावं लागतं असं तिला वाटलं. खरं म्हणजे त्या वाक्याची लय तिला आवडली होती. बैठकीत प्रशासकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. "सख्ख्या भावालाही सोडलं नाही यांनी," ते म्हणाले, "अशी माणसं पाहिजेत." कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. दोन महिन्यांनी ती विभागप्रमुख झाली. नव्या कंपनीने नव्या चार केबल्स टाकल्या, त्याच सुमाराला रंगकाम निघालं म्हणून एक्स-रे विभाग आठ महिने तळमजल्यावर, सर्व्हरच्या शेजारीच हलवला गेला, आणि सगळं कसं सुरळीत चालू लागलं. मजला ओलांडायचाच नव्हता, तर अडकणार काय? हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. पंधरा दिवसांपूर्वी विभाग पुन्हा वर गेला आणि तक्रारी पुन्हा सुरू झाल्या, नव्या केबल्सवरून, नव्या कंपनीच्या जोडांवरून, तशाच्या तशा. म्हणून तर आज तिने चार चौकटी उघडल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रांवर गर्दी कमी असते. तिने ती एक ओळ बदलली. एका मिनिटात वरची रेघ सुटली, खाली आली, आणि तळातल्या तिघी अंग झाडून उठल्यासारख्या वर आल्या. इतकी वर्षं या क्षणासाठी तिने नोकरी केली असती तर तो सुंदर वाटला असता. दोन वाजता एक्स-रेच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, काय जादू केलीत? टिचकी वाजवायच्या आत येतंय सगळं!"

"नव्या केबल्सची टोकं साफ करून घेतली," ती म्हणाली. वाक्य आपोआप आलं, शोधावं लागलं नाही.

"बघा, काम करणारा चांगला असला की कसं असतं."

"हो. शेवटी जोडणीवरच असतं सगळं."

फोन ठेवल्यावर ती बेसिनपाशी गेली. आपल्याला लाज वाटावी अशी तिची इच्छा होती. पण आरशात बघताना डोक्यात एवढंच चाललं होतं की बदलाच्या नोंदीत आज काय लिहायचं. तिने 'नियमित देखभाल' असं लिहिलं. दादाला सांगायचं, हे तिने ठरवलं होतं. सांगायचंच होतं. पण कसं आणि कधी याचा विचार करताना प्रत्येक वेळी तिच्या समोर दादा नाही, ती बैठकीची खोली यायची, टाळ्यांच्या जागी कुजबुज ऐकू यायची: बाईंना स्वतःची चूक सापडेना म्हणून भावाला बळी दिला. कुजबुज चूकही नव्हती. खोटं कोणी बोललं असतं तर तिला रागावता आलं असतं.

आठवडा असाच गेला. मग शेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीच्या ठेकेदाराबरोबर बैठक झाली. ठेकेदार जाडजूड, हसरा, स्वतःच्या विनोदाला स्वतःच आधी हसणारा माणूस होता. त्याने नकाशा पसरला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या जुन्या केबल्स छतात तशाच पडून आहेत म्हणे? मी यंत्र लावून तपासतो. धड असतील तर नव्या इमारतीला तिथूनच जोड देऊ, उगाच खोदाखोद कशाला? आणि जोडायला माझा एक जुना माणूस आहे. आम्ही त्याला शून्यराव म्हणतो. त्याच्या जोडात प्रकाश गळतच नाही हो, मीटर शून्य दाखवतो. हल्ली घरी बसलाय म्हणे, पण मी उठवतो त्याला." तिला कळायचं ते कळलं. दादाचं हे नाव तिला माहीत नव्हतं. वीस वर्षं लोक त्याला या नावाने ओळखत होते आणि घरी त्याने ते कधी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि तिने ऐकलं नव्हतं? ती म्हणाली, "जुन्या केबल्स खराब आहेत. रिपोर्ट आहे तसा." ठेकेदार म्हणाला, "असू दे की, तपासायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने देखभालीच्या मिस्त्रीला बोलावलं आणि चौथ्या मजल्याचं छत उघडायला लावलं. मिस्त्रीने वर डोकं घातलं आणि आतून त्याचा आवाज पोकळ होऊन आला. "मॅडम, ह्या चांगल्या दिसतात हो. बांधणी बघा केवढी नेटकी. गाठीसुद्धा एका अंतरावर मारल्यात."

"कापा."

"अख्ख्या?"

"हातभर लांबीचे तुकडे करा. पुन्हा कोणी वापरायला नकोत."

तो कात्री चालवत गेला आणि पिवळे तुकडे तिच्या पायाशी पडत राहिले. एका टोकाला अजून कागदी पट्टी चिकटलेली होती, तिच्यावर दादाच्या तिरप्या अक्षरात तारीख. निळी शाई. मिस्त्रीने तुकडे गोळा करायला हात घातला तशी ती एकदम ओरडली, "उघड्या हाताने नको! काच असते आत!" आणि मग तिला स्वतःचाच आवाज इतका दादासारखा वाटला की ती जिन्यातून खाली निघून गेली. चार जिने उतरताना तिने स्वतःला समजावलं की पुरावा गेला ही गोष्ट एका अर्थी बरीच झाली, आता आपण दादाला जे सांगू ते भीतीपोटी नसेल, मनापासून असेल. हे तिला पटलं. माणसाला पटवून घ्यायचं असलं की किती थोडक्यात पटतं, याचं तिला त्या वेळी आश्चर्यही वाटलं नाही.

रविवारी सकाळी ती दादाकडे गेली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. दादा, चूक माझी होती. तुझे सोळाही जोड बरोबर होते. मीटर बरोबर होता. तीन वाक्यं, मग तो काय म्हणेल ते म्हणेल. दुसऱ्या मजल्यावरचं त्याचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, लहानपणापासून होतं तसंच लख्ख होतं. दार वहिनीने उघडलं. "या," एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत वळली. पूर्वी ती आधी गळ्यात पडायची, मग विचारायची. दादा खिडकीशी खुर्चीवर बसला होता, चष्मा नाकावर, मांडीवर वहिनीची शिवणाची पेटी.

"आलीस? बैस बैस. जरा थांब हं, एवढं ओवतो." सुईच्या नेढ्यात त्याने दोरा एका झटक्यात घातला, उजेडाकडे धरून बघितला आणि पुन्हा ओढून काढून टाकला.

ती स्वयंपाकघरात गेली. वहिनीची तिच्याकडे पाठ होती. गॅसवर दूध तापत होतं. "रोज सकाळी तेच चालतं," वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. "सुईत दोरा ओवायचा, काढायचा, ओवायचा. एकदाही चुकत नाही. मी म्हणते, बघा, हात चांगला आहे की. तर म्हणतात, सुई म्हणजे काच नव्हे." ती वळली. डोळे कोरडे होते. "परवा त्या ठेकेदाराचा फोन आला होता. तुमच्याच रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं काम आहे. म्हणतो, तुम्हीच पाहिजे. वर्षभरात पहिल्यांदा माणूस ताठ बसलेला बघितला मी. आणि मग म्हणाले, चिंगीला विचारतो. ती म्हणेल तसं." वहिनीने गॅस बारीक केला. "माझं तुमच्यावरून किती मन उडालंय ते तुम्हाला माहीत आहे. मी ते लपवत नाही. पण मी तुमच्यापुढे हात जोडते. एकदा म्हणा त्यांना, जा म्हणून. माझं ऐकत नाहीत ते. तुमच्याच बोलण्याला किंमत आहे त्यांच्या लेखी."

"मी बोलायलाच आलेय, वहिनी," ती म्हणाली. आणि त्या क्षणी ते खरंही होतं.

बाहेर दादाने तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो बारीक झाला होता. मनगटाची हाडं वर आली होती. त्याने ठेकेदाराचं सगळं सांगितलं, मोजकं, कोणाची तक्रार न करता. मग म्हणाला, "मला तू खरं सांग. तुझ्याशिवाय कोण सांगणार? बाकीचे माया करतात, नाहीतर कामापुरतं गोड बोलतात. तू त्या दिवशी जे लिहिलंस ना, तेव्हा मला राग आला होता. खोटं नाही बोलत. दोन महिने तुझं तोंड बघू नये असं वाटत होतं. मग विचार केला, हिने भाऊ असून लिहिलं, म्हणजे केवढी खात्री असेल. सोळापैकी एक तरी जोड वाईट असणारच. मला दिसला नाही, म्हणजे दिसत नाही हेच खरं. बरं झालं तू वेळेवर सांगितलंस. रुग्णालय होतं गं ते. माझ्या हातून कोणाचा जीव गेला असता." तो थोडा पुढे झुकला. "तो म्हातारा वाचला ना नक्की?"

"वाचला."

"सांग मग. जाऊ का मी? तू हो म्हण, उद्यापासून जातो. नाही म्हण, विषय संपला."

तीन वाक्यं तिच्या जिभेवर होती. पहिलं तर ओठांपर्यंत आलं, तिला त्याची चव कळली. पण त्याच वेळी तिला दिसलं की तो कामाला येईल, पहिल्याच दिवशी छतात डोकं घालेल आणि रिकामी पोकळी बघून मिस्त्रीला विचारेल, माझ्या केबल्स कुठे गेल्या? मिस्त्री सांगेल, मॅडमनी कापायला लावल्या, हातभर लांबीच्या. चूक सांगता आली असती. चूक मागच्या वर्षीची, नाहीतर तीन वर्षांपूर्वीची होती, अज्ञानातली होती. ते छत परवाचं होतं. ते कुठल्या वाक्यात बसवायचं? वाक्य शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की आपण दादाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतो आहोत आणि त्याने आपलं गप्प बसणं हेच उत्तर धरलं आहे. त्याची पाठ हळूहळू खुर्चीला टेकली.

"नको जाऊ, दादा," ती म्हणाली. आवाज मऊ होता. इतका मऊ की तो प्रेमाचा वाटावा. "शिडीबिडी आता झेपायची नाही तुला. आणि रिपोर्ट आहे तिथे. पुन्हा कोणी बोट दाखवलं तर मला बघवणार नाही."

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "तेच म्हणत होतो मी."

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. तो मोठा नव्हता.

दादाने लगेच फोन उचलला. अशा गोष्टी लांबवायचा त्याचा स्वभाव नव्हता. "हां साहेब, नमस्कार. नाही जमायचं... नाही, तसं काही नाही, तब्येत ठीक आहे... नाही हो, दुसरीकडे कुठे जातोय... कारण म्हणजे..." तो चाचपडला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला, अडचणीतून सुटका सापडल्यासारखा. "साहेब, तिथल्या मॅडम माझी बहीण आहे. सख्खी. समोरच बसलीये. तीच सांगेल तुम्हाला, ती माझ्याहून नीट सांगते." आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला. ठेकेदाराच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "बाई, हे काय? तुमचे भाऊ का ते? मग बोलला नाहीत त्या दिवशी? अहो, मी स्वतः बघितलंय त्यांचं काम. मला समजावून सांगा, नेमकं काय झालंय त्यांना?"

दादा तिच्याकडे बघत होता, आपल्या मुलीने पाठ केलेलं काहीतरी चारचौघांत म्हणून दाखवावं तसा, उत्सुक, थोडा अभिमानाने. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"त्यांचं कौशल्य," ती म्हणाली, "आता भरवशाचं राहिलेलं नाही."

"म्हणजे? डोळे गेले का?"

"कमी दिसतं."

दादाने मान डोलावली. मग काहीतरी राहिलं असं वाटून त्याने उजवा हात तिच्या डोळ्यांसमोर उभा धरला, बोटं पसरून, आणि ठेकेदाराला ऐकू जाऊ नये अशा बेताने कुजबुजला, "हाताचंही सांग."

हात तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. खिडकीतला उजेड बोटांमधून येत होता आणि त्या उजेडाच्या कडा जागच्या हलत नव्हत्या.

"आणि हात कापतो," ती फोनमध्ये म्हणाली. "फार कापतो."